बाल्कनीतलं वाळवण

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर तीन फ्लॅट्सच्या बाल्कन्या एका ओळीत होत्या. पहिली अनुपमाची, मधली वेनजिंगची आणि शेवटची मरियमबींची. वेनजिंग आणि तिचा नवरा चेंगडूचे, दोघंही आयटीतले. मरियमबी हैदराबादच्या, निवृत्त शिक्षिका, मुलाकडे राहायच्या. मजल्यावर सगळे त्यांना आपा म्हणत.

जानेवारीत वेनजिंगची सासू तीन महिन्यांसाठी आली. मुलगा सहा वर्षांत चिनी नववर्षाला घरी गेला नव्हता, म्हणून आईच इकडे आली. आठवड्याभरात मधल्या बाल्कनीत बांबूवर लालसर सॉसेजच्या माळा लटकल्या. डुकराचं मांस, तिखट, मिरी, दारूचा हात. चिनी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात हे वाळवण घालायचं आणि वर्ष संपतं त्या संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून खायचं, अशी त्यांच्याकडची रीत. वेनजिंगने हे लिफ्टमध्ये हौसेने सांगितलं होतं.

अनुपमा शाकाहारी. तिच्याही बाल्कनीत सांडगी मिरच्या वाळत होत्या, त्यांना आणि दोरीवरच्या कपड्यांना तो वास लागायला लागला. चौथ्या दिवशी तिचं डोकं फिरलं. शेजारी जाऊन सांगणं पाच मिनिटांचं काम होतं, पण वाईटपणा कोण घेणार? ऑफिसच्या बसमध्ये बसल्या बसल्या तिने बिल्डिंगच्या ॲपवर तक्रार टाकली आणि 'नाव गुप्त ठेवा'वर टिक केलं. नुसत्या वासाची तक्रार कोणी मनावर घेणार नाही असं वाटून तिने आणखी एक ओळ जोडली : शेजारी मुस्लिम कुटुंब राहतं, त्यांच्या भावना दुखावतात.

त्याच दुपारी सिक्युरिटीवाला यूनुस आला. बाल्कनीत मांस वाळवणं नियमात बसत नाही, असं म्हणून त्याने सगळ्या माळा काळ्या पिशवीत भरून नेल्या. अनुपमा त्या दिवशी लवकर घरी आली होती. तिने दार किलकिलं करून पाहिलं. म्हातारी कॉरिडॉरमध्ये रिकामा बांबू धरून उभी होती. भांडली नाही, रडली नाही. लिफ्टचं दार बंद झालं तरी तिकडेच बघत राहिली.

वेनजिंगला आलेल्या नोटिशीत तक्रारीतली ती ओळ जशीच्या तशी होती. मजल्यावर मुस्लिम कुटुंब एकच.

दोन दिवसांनी वेनजिंग लिफ्टमध्ये म्हणाली, "आपा मला सांगू शकल्या असत्या. मी लगेच आत घेतलं असतं."

अनुपमाच्या तोंडून निघून गेलं, "हो ना. काही लोक असतातच असे."

तिच्याबरोबर तिची आठ वर्षांची मुलगी शर्वाणी होती. तिने ते ऐकलं.

यंदा चिनी नववर्ष आणि रमजान पाठोपाठच आले होते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी वेनजिंग सासूला घेऊन अनुपमाच्या दारात आली. म्हातारीच्या हातात ताट होतं, त्यात पिठी भुरभुरवलेले पांढरे गोळे. चिकट तांदळाचं पीठ, आत काळे तीळ आणि साखर. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उकडून खायचे, घरची माणसं एकत्र राहावीत म्हणून गोल.

"सारणात चरबी घालतात," वेनजिंग म्हणाली. "पण तुम्ही खात नाही, म्हणून आईने तुमचे वेगळे केले, खोबरेल तेलात."

अनुपमाने ताट हातात घेतलं, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. मरियमबी खजुरांची बशी घेऊन बाहेर आल्या आणि हसून म्हणाल्या, "नया साल मुबारक." म्हातारीने मान फिरवली. वेनजिंग थंडपणे थँक्यू म्हणाली आणि दोघी घरात गेल्या. मरियमबी तशाच उभ्या राहिल्या. आपलं काय चुकलं, हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. अनुपमाने नजर चुकवली आणि दार लावून घेतलं.

शर्वाणी ताटाकडे बघत म्हणाली, "मरियम आंटी इज सो मीन, ना मम्मा?"

अनुपमाचे कान तापले. आपल्या पोटच्या पोरीला आपण हे शिकवलं. ती ताट घेऊन तशीच बाहेर गेली आणि वेनजिंगची बेल दाबली.

आत टेबलावर अख्खा मासा वाफवायला काढून ठेवला होता. अनुपमा उंबऱ्यातच उभी राहिली. "तक्रार आपांनी नाही केली," ती म्हणाली. "मी केली. ते मुस्लिम कुटुंबाचंही मीच लिहिलं."

वेनजिंगने सासूला चिनीत दोन वाक्यं सांगितली. म्हातारीने अनुपमाकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या ताटाकडे. अनुपमाने ताट पुढे केलं. म्हातारीने ते घेतलं नाही. हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"आई म्हणते, गोळे पाण्यात वर आले की शिजले," वेनजिंग म्हणाली आणि तिने दार लोटलं.

तिथून अनुपमा शेवटच्या दाराशी गेली. मरियमबींनी सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं.

"बुरा लगता तो मैं खुद बोलती ना बेटा," त्या म्हणाल्या. "मेरा नाम कायकू?"

तुमचं नाव घातलं की काम लवकर होतं, हे खरं कारण अनुपमाच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. ती नुसतं सॉरी म्हणाली. त्यांनी मान हलवली, तिला आत मात्र बोलावलं नाही.

दुपारी तिने स्वतःच्या नावाने मॅनेजमेंटला लिहिलं की तक्रार आपली होती, शेजाऱ्यांचा संबंध नाही. गेलेली सॉसेज काही परत यायची नव्हती.

दुसऱ्या सकाळी तिच्या नवऱ्याने, सुजीतने, आणि शर्वाणीने ते गोळे चवीने खाल्ले. अनुपमाने एक तोंडात घातला. फार सुरेख झाला होता. दुसरा घ्यायला तिचा हात गेला नाही.

रमजानच्या पहिल्या आठवड्यात म्हातारी संध्याकाळी मरियमबींकडे जायला लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दाराआडून हसणं ऐकू यायचं. अनुपमा भेटली की मरियमबी सलाम करायच्या, वेनजिंग गुड मॉर्निंग म्हणायची. दोघी कधी वाकडं बोलल्या नाहीत. अनुपमाच मग लिफ्ट सोडून जिन्याने उतरायला लागली.