हात लावलेली रोपं

थोरली जाऊ त्या संशोधन संस्थेच्या ग्रीनहाऊसवर कामाला लागली, तेव्हा धाकटी अजून शाळेत होती. चौदा वर्षांत थोरलीनं तिथली एकेक नळी, एकेक दिवा पाठ केला होता. हिनं वाळकी काठी खोचली तरी पालवी फुटेल, असं संस्थेतले लोक म्हणायचे आणि ते ऐकून ती दिवसभर खुशीत असायची. मग दिराचं लग्न झालं. डॉक्टरेट मिळवलेली धाकटी घरात आली आणि वर्षाच्या आत त्याच संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली. थोरली तळमजल्यावर, गमबुटांत. धाकटी दुसऱ्या मजल्यावर, स्वतःचं नाव लावलेल्या खोलीत. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, “एक सून शास्त्रज्ञ आहे, आणि दुसरीही तिथेच असते.” हे ‘तिथेच असते’ थोरलीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

तरी ती कधी वाकडं बोलली नव्हती. उलट एकदा रात्री जेवताना तिनंच सहज विषय काढला होता. ग्रीनहाऊसच्या दाराजवळची टोमॅटोची रोपं नेहमी ठेंगणी राहतात, पण खोडानं दणकट असतात आणि त्यांना बुरशीही कमी लागते. येणाजाणाऱ्यांचे कपडे सारखे घासतात त्यांना, म्हणून तर नसेल? धाकटीनं हूं केलं आणि पाणी प्यायली.

आठ महिन्यांनी संस्थेच्या सभागृहात धाकटीचं व्याख्यान झालं. थोरली मागच्या रांगेत बसली होती. स्पर्शानं पेशीत कॅल्शियम वाढलं की चमकणारी खास रोपं धाकटीनं वाढवली होती. पडद्यावर एका पानाला बारीक ब्रश लागला आणि त्या जागेपासून उजेडाची लाट शिरांमधून पसरत पार देठापर्यंत गेली. थोरलीचे डोळे भरून आले. इतकी वर्षं बोटांना जे नुसतं जाणवत होतं, ते दिसत होतं. तेवढ्यात धाकटी म्हणाली, “एकदा ग्रीनहाऊसमध्ये गेले असताना दाराजवळच्या रोपांकडे माझं लक्ष गेलं.”

माझं लक्ष. थोरली टाळ्यांच्या आधीच उठली.

त्यानंतर मोठा प्रयोग सुरू झाला. दोनशे रोपं. निम्म्यांवरून एक यंत्र दिवसातून दोनदा मऊ ब्रश फिरवायचं, निम्म्यांना कुणी शिवायचंसुद्धा नाही. सहा आठवड्यांनी दोन्हींची तुलना. पाणी घालायचं काम अर्थातच थोरलीकडे होतं.

पहिल्या सकाळी तिनं न शिवायच्या रांगेवरून नुसता तळवा फिरवला. कुणाला पत्ताही लागणार नव्हता. दुसऱ्या सकाळी पुन्हा फिरवला, मग रोजच. घरी धाकटीच्या ताटात आपल्या हातानं वाढायची, कसं चाललंय म्हणून विचारायची, आणि सकाळी जाऊन तिच्या प्रयोगावर हात फिरवायची. सहा आठवड्यांनी दोन्ही रांगा सारख्याच ठेंगण्या निघाल्या. धाकटी हिरमुसली, पण तिनं नवी दोनशे रोपं लावली. आता पुरे, असं थोरलीनं स्वतःला बजावलं. त्याच आठवड्यात सासूबाईंनी व्याख्यानाचा फोटो बैठकीच्या खोलीत लावला आणि थोरलीचा हात पुन्हा रोपांकडे गेला.

दुसऱ्यांदाही तेच झालं. धाकटी पट्टी हातात घेऊन ओल्या फरशीवर बसकण मारून होती.

“लिहून टाकते, ताई,” ती म्हणाली. “स्पर्शानं काही फरक पडत नाही. ते दाराजवळच्या रोपांचं निरीक्षणच चुकीचं होतं.”

थोरलीला हेच तर हवं होतं. धाकटी तोंडघशी पडायला हवी होती. पण चुकीचं ठरत होतं ते निरीक्षण धाकटीचं नव्हतंच. इतकी वर्षं रोज डोळ्यांनी पाहिलेलं ते तिचं स्वतःचं होतं.

“चुकीचं नाहीये ते,” ती म्हणाली. “तुझ्या न शिवलेल्या रोपांना मी रोज हात लावत होते.”

धाकटीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा चेहरा पांढराफटक पडला. किती दिवस, एवढंच तिनं विचारलं.

“दोन्ही वेळेला. पहिल्या दिवसापासून.”

“का?”

“जळत होते तुझ्यावर. मी सांगितलेलं तू स्वतःचं म्हणून सांगितलंस.”

धाकटीनं पट्टी खाली ठेवली. “मला आठवत होतं,” ती म्हणाली. “ग्रीनहाऊसच्या बाईंनी सांगितलं असं म्हटलं तर लोक हसतील, असं वाटलं मला. ते माझं चुकलं. पण तुम्ही माझे तीन महिने मातीत घातलेत, ताई. ते मी एवढ्यात विसरणार नाही.”

थोरली त्याच दुपारी विभागप्रमुखांकडे गेली आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. त्यांनी तिच्याकडून प्रयोगाच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि तिला वर्षभर बी-भांडारात बसवलं. घरी दोघी एकमेकींशी मोजकंच बोलायच्या. सासूबाईंना वाटलं, कामाचा ताण असेल.

तिसरी खेप दुसऱ्या माळ्यानं सांभाळली. न शिवलेली रोपं या वेळी सरळसोट, लांबुडकी वाढली. शिवलेली बुटकी आणि जाडजूड राहिली. लेख छापून आला, तेव्हा धाकटीनं त्याची प्रत बी-भांडारात आणून टेबलावर ठेवली आणि निघून गेली. लेखकांमध्ये दुसरं नाव थोरलीचं होतं. तिनं ते दोनदा वाचलं. मग तिची नजर आपसूक वरच्या, पहिल्या नावावर गेली आणि ‘तिथेच असते’ हे शब्द पुन्हा तिच्या कानात वाजले. तिनं प्रत घडी घालून पिशवीत ठेवली आणि अर्धवट राहिलेलं बी निवडायला घेतलं.