छताचा तराफा

पखालवाला यायचा बंद झाला, तेव्हा मुनीसाने छताकडे बघायला सुरुवात केली.

खलिफा नदीकाठाने कोसन्‌कोस पसरलेलं सामर्रा शहर सोडून बगदादला परत गेला होता. त्याच्यामागून शिपाई गेले, शिपायांमागून भटारी, न्हावी, वैद्य. आता पाण्याची खेचरंही गेली. कडा उतरून नदीवरून एक घागर आणायला अर्धा दिवस जाई. तिची लेक लुबाना वर्षाचीही नव्हती. मुनीसा तिच्या ओठांवरून ओलं बोट फिरवी आणि ते किती लवकर सुकतात ते बघत बसे.

नदीवर अबू दुलफ तराफे बांधी. फुगवलेल्या कातड्यांवर घरांच्या तुळया आडव्या टाकायच्या, बगदादला पोचलं की तुळया विकायच्या, कातडी गाढवावर लादून परत यायचं. ज्याची तुळई, त्याला जागा. सगळी गल्ली अशी आपापल्या छतावर बसून निघून गेली होती.

"छत काढलं की एका पावसात भिंती बसतील," तिचा नवरा हुमैद म्हणाला. त्याने महालांच्या भिंतींना द्राक्षवेलीच्या नक्षीचा गिलावा केला होता आणि उरलेल्या मालातून घरातही तीच वेल उठवली होती. "आत नुसती कच्ची वीट आहे."

"महालातही कच्चीच आहे. तुम्हीच सांगितलंत."

"खलिफा परत येईल गं. आला की गिलावेवाला लागेलच."

"तोवर हिला काय पाजू? चुना?"

दुसऱ्या दिवशी हुमैदने छताला शिडी लावली.

तुळया ओढत काठावर आणल्या, तेव्हा दोघांचे हात सोलले होते. अबू दुलफने एकेकीवर हातोडी मारली आणि कान लावला.

"उस्ताद, वरून हिंदचा साग, आत भुसा. वाळवीने तुमच्या आधीच बिऱ्हाड हलवलंय." एकच तुळई त्याने बाजूला ठेवली. "हिच्यावर एक माणूस. लेकरू मांडीवर घ्या, त्याचं वजन मी धरत नाही."

"आम्ही दोघंही बारीक आहोत," मुनीसा म्हणाली.

"बहिणी, ते नदीला सांग."

"मी पुढच्या खेपेला येतो," हुमैद म्हणाला.

अबू दुलफ दोर आवळत होता. "पुढची खेप कसली? काढायला छतं उरलीत कुठं?"

दोघांनीही ते ऐकलं. तरी हुमैदने लुबानाला मुनीसाच्या हातात दिलं, तिचं टोपडं नीट केलं. मग तो कड्यावर आलेल्या ढगांकडे बघत म्हणाला, "भिंतींवर चटया टाकायला हव्यात."

'चटया राहू द्या, आम्हाला थांबवा' असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने थांबवलं असतं तर ती थांबली असती, आणि मग पोरगी तहानेने गेली असती. ती तुळईवर बसली.

तराफा सुटला, हुमैद दिसेनासा झाला. शहर संपलं की रडायचं, तोवर लेकराला दूध पाजायचं, असं तिने ठरवलं. काठावरून महाल सरकले, छावण्या सरकल्या, मशिदीचा वळणावळणाचा मिनार मागे पडला. मग पुन्हा महाल. त्यांची दारं, चौकटी लोकांनी केव्हाच नेली होती. नुसती भोकं उरली होती. पाऊस लागला. दुपार कलली. दूध पिता पिता लुबाना झोपून गेली, आणि शहर काही संपेना.