चार दारांची खोली

बंद पडलेल्या सिनेमागृहामागच्या पटांगणात रविवारी सकाळी गाड्यांचे वेडे जमतात. बॉनेट उघडी टाकायची, थर्मासमधला चहा कपात ओतायचा आणि गाडी घेतली कशी, सांभाळली कशी, विकली कशी हे सांगत बसायचं. किस्से तेच असतात, पण दर वेळी त्यातला घाट जरा जास्त चढतो आणि खरेदीदार जरा जास्त बेरकी होतो. कुणी कुणाला टोकत नाही, कारण प्रत्येकाची पाळी येणार असते.

त्यांच्यात एक चष्मेवाला होता. दिवसभर दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि स्वतः मात्र मनात गाड्या फिरवायच्या. त्याला जुनी, एकाच हातातली गाडी हवी होती. कैक बघून झाल्या. कुठे पत्रा सडलेला निघाला, कुठे मालकाची नियत. बायको म्हणायची, "तुम्हाला गाडी नकोच आहे. तुम्हाला गाडी बघायला जायला हवं असतं."

त्या रविवारी दातांची डॉक्टरीण तिच्या लाल गाडीबद्दल सांगत होती. विकून टाकल्यावर काही दिवसांनी तीच गाडी तिला सिग्नलला पुढे उभी दिसली. "हिरवा लागला. ती वळली डावीकडे, मला जायचं होतं उजवीकडे. गेले मी तिच्या मागे. बराच वेळ गेले. शेवटी त्या नव्या मालकाने गाडी बाजूला घेतली आणि काचेवर टकटक करून विचारलं, ताई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

हसणं ओसरल्यावर ती चष्मेवाल्याकडे वळली. "तुमच्यासाठी एक आहे. माझ्या पेशंट आहेत एक बाई, शिवणकाम करतात. त्यांच्या पोर्चमध्ये पिस्ता रंगाची गाडी आहे. घेतल्यापासून फाटकाबाहेर पडलेली नाही."

"मग जाम झाली असेल."

"बघून तर या. बघायला तुम्हाला आवडतंच."

तो दुपारी गेला. घर मोठं होतं, दुमजली, आणि वरच्या सगळ्या खिडक्या मिटलेल्या. बेल वाजवली तरी कुणी आलं नाही. मग पोर्चमधून कात्रीचा आवाज ऐकू आला. गाडी तिथे उभी होती आणि मागच्या सीटवर, दार लावून, काच अर्धी खाली घेऊन एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवरून पांढऱ्या झग्याचा घेर खाली उतरून पायाशी साचला होता.

"गाडी बघायला आलात ना?" त्या टाका न सोडता म्हणाल्या. "बसा. पुढे बसा, इथे माझा पसारा आहे."

तो स्टिअरिंगसमोर बसला आणि दार ओढून घेतलं. दार मऊ आवाजात लागलं आणि बाहेरची दुपार दूर गेली. आत खडूचा, खळीचा आणि कोऱ्या कापडाचा वास होता. पोर्चवर चढलेल्या वेलीच्या सावल्या समोरच्या काचेवरून सरकत होत्या, मागे, आणखी मागे. बघता बघता त्याला वाटलं, गाडी चालली आहे. त्याचा पाय नकळत ब्रेकवर गेला.

"सगळ्यांना तसंच होतं," बाई मागून म्हणाल्या.

"तुम्ही ही कधीच चालवली नाही?"

"मला येतच नाही. कोपऱ्यावरचा ड्रायव्हर अधूनमधून येतो, सुरू करून जातो. नाहीतर गाडी रुसते, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं."

"मग घेतली कशाला?"

बाईंनी दोरा दाताने तोडला. "खोली हवी होती म्हणून."

मग त्यांनी सांगितलं ते असं. या घरात तेव्हा पाय ठेवायला जागा नसे. तीन भाऊ, तीन वहिन्या, त्यांची पोरं, आलागेला. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे त्यांची खाट जिन्याखाली आणि मशीन येण्याजाण्याच्या वाटेत. जो येई तो मशीन सरकवून जाई. शिवण उसवली की कोण धक्का देऊन गेलं तेसुद्धा कळत नसे. एकदा त्यांनी मोठ्या भावाकडे खोली मागितली. तो म्हणाला, "तुला एकटीला कशाला गं खोली?" घर विकत घेण्याइतकी कमाई नव्हती. एक दिवस गिऱ्हाइकाकडे झगा पोचवून येताना त्या गाड्यांच्या शोरूमपाशी थांबल्या. विक्रेत्याने कौतुकाने दार उघडून आत बसवलं आणि दार लावलं. रस्त्यावरचा गोंगाट तिथल्या तिथे थांबला.

"चार दारं, आणि चारही आतून लावता येतात. मला आणखी काय हवं होतं? थोरला म्हणाला, चालवता येत नाही आणि गाडी कसली घेतेस, नाकापेक्षा मोती जड. मी म्हटलं, नाक माझं आहे ना."

चष्मेवाला आरशातून त्यांच्याकडे बघत होता. "आणि रोज इथे बसायचात?"

"दुपारी. पोरं काचेवर हात आपटायची. मी आतून सांगायची, आत्या गावाला गेली आहे. संध्याकाळी यायची परत."

"कुठे जायचात?"

"त्या जागेला नाव नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण गार असायचं तिथे."

आता भाऊ राहिले नव्हते. पोरं मोठी होऊन चहूकडे पांगली होती. "आता सगळं घरच माझं. कुठल्या खोलीत काय ठेवलंय ते आठवत नाही, आणि झोप कुठल्याच खोलीत लागत नाही. गाडी ठेवून काय करू?"

घासाघीस करण्यात पटाईत म्हणून चष्मेवाल्याची पटांगणात ख्याती होती. त्या दिवशी तो बॉनेट उघडायचंही विसरला. बाईंनी सांगितलेल्या किमतीला त्याने मान डोलावली, आणि तिन्हीसांज होईपर्यंत पुढच्या सीटवर बसून राहिला.

टायर नवे घातले, बॅटरी बदलली, मेकॅनिकने हिरवा कंदील दाखवला. गाडी न्यायची ती सकाळ धुक्याची होती. सोबतीला डॉक्टरीण आली होती. फाटक उघडलं तेव्हा बाई शाल पांघरून आल्या आणि सवयीने मागचं दार उघडलं. "कोपऱ्यापर्यंत येते," म्हणाल्या.

गाडी फाटकाबाहेर पडली, इतक्या हळू की जणू पाण्यातच उतरत होती. कोपरा आला. चष्मेवाल्याने मागे वळून पाहिलं. बाईंचं डोकं काचेला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं.

"झोपल्या," तो कुजबुजला. "उठवायचं का?"

"माझ्या खुर्चीत या बाई कधी डोळेसुद्धा मिटत नाहीत," डॉक्टरीण म्हणाली. "चालू दे गाडी."

मग तो चालवतच राहिला. घरं विरळ झाली, कालव्याकाठची उंच झाडं धुक्यातून एकेक करून पुढे आली आणि विरून गेली. माणसांना स्पष्ट दिसावं म्हणून आयुष्यभर काचा घासणाऱ्या त्या माणसाला चार हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. इंजिन एकसुरात गुणगुणत होतं.

रस्ता खाडीच्या धक्क्यावर संपला. इंजिन बंद झालं आणि त्या शांततेनेच बाई जाग्या झाल्या. काही न विचारता दार उघडून उतरल्या, डोक्यावरून शाल घेतली आणि थोडा वेळ धुक्यात उभ्या राहिल्या. धक्क्यावर एक शिडं शिवणारा आपल्या माडीच्या दुकानाच्या दारातच बसला होता. बाई त्याच्याकडे गेल्या, जाड कापडाची शिवण बोटाने चाचपली आणि मान वर करून विचारलं, "वर कोण राहतं?"

"कुणी नाही. एकच खोली आहे. वारा फार येतो."

"दार नीट लागतं का?"

"लागतं की."

त्या लाकडी जिना चढून वर गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. खाली तिघंही वाट बघत राहिली. शिडंवाल्याने सुई ओवली, डॉक्टरणीने थर्मास काढला. बऱ्याच वेळाने खिडकी उघडली.

"मला घरी सोडा," बाई वरून म्हणाल्या. "मशीन आणायचं आहे."

भाच्यांनी बराच आरडाओरडा केला. एवढं घर सोडून धक्क्यावरचं खुराडं घ्यायचं, लोक काय म्हणतील. बाईंनी घराच्या किल्ल्या त्यांच्याच हवाली केल्या आणि मशीन, कापडाचे गठ्ठे, एक खाट एवढंच पिस्ता गाडीतून आणि मागच्या टेम्पोतून नेलं. पटांगणात चष्मेवाल्याने ही हकिकत सांगितली तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. डॉक्टरणीने साक्ष दिली तरी एक जण म्हणालाच, "शेवट जरा जास्त झाला."

हिवाळा सरता सरता चष्मेवाला बायकोला घेऊन धक्क्यावर गेला. बाई जिना उतरतच होत्या. दोन्ही हातांवर पांढरा झगा आडवा धरलेला, चेहरा भरलेला. "झोप लागते का?" त्याने विचारलं.

"जेवण झालं की लगेच. गिऱ्हाइकं बोंब मारतात." त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. "कशी चालते?"

तो उत्साहाने सांगायला लागला, घाटात कशी चढते, गिअर कसा लोण्यासारखा पडतो. तेवढ्यात पलीकडे जाणाऱ्या बोटीचा भोंगा वाजला.

"थांबा, आल्यावर ऐकते," बाई म्हणाल्या. "हा पलीकडे द्यायचाय." आणि झग्याचा घेर वाऱ्यावर उडू नये म्हणून छातीशी धरून त्या लगबगीने धक्क्याच्या टोकाकडे निघाल्या.