कोरडं कापू नकोस

"पाणी लावलं की रेघ पुसते, ताई," माझा धाकटा भाऊ म्हणाला, आणि कटरला जोडलेल्या पाण्याच्या नळीची चावी त्याने माझ्या देखत बंद केली.

रेघ म्हणजे सिंकचं भोक कुठे पाडायचं ते दाखवणारी पेन्सिलची खूण. माझ्या स्वयंपाकघरात कृत्रिम दगडाचा नवा ओटा बसत होता. दगड कापणारा घरचाच, म्हणून मी निवांत होते. पण गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरून पांढरे ठिपके दाखवले होते. दगडातल्या सिलिकाची धूळ. "धुळीपासून लांब राहा, कोरडं कापणं तर आजपासून बंद. नाहीतर जिना चढणंही अवघड होईल," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकलं होतं. त्यानेही ऐकलं होतं. मान डोलावली होती.

मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. एकच गोष्ट पाचव्यांदा सांगतानाही वर्गात माझा आवाज कधी चढला नाही. सख्ख्या भावापुढे मात्र सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"ती धूळ जाते कुठे, असं वाटतं तुला?" मी विचारलं.

"कफात. सकाळी खाकरलं की निघून जाते. वर पेलाभर दूध."

"दूध पोटात जातं रे. फुप्फुसात नाही."

"झाली हिची शाळा सुरू."

"जाड धूळ नाकाघशात अडकते, ती कफातून निघते, कबूल. पण तुझ्या कटरची डोळ्यांना न दिसणारी धूळ पार तळाशी जाते, वायुकोशांत. तिथे तुझं खाकरणं पोचत नाही. तिथे राखणीला असतात महाभक्षक पेशी."

"महाभक्षक? म्हणजे तुझ्या धाकट्या दिरासारख्या? पंगत उठली तरी हे बसलेलेच."

मी हसले नाही. म्हणजे, त्याला दिसेल असं हसले नाही.

"शरीरात जागोजागी त्यांच्या नेमणुका असतात. यकृतातल्या असतात त्या म्हाताऱ्या रक्तपेशी गिळतात. मेंदूतल्या तिथली झाडलोट करतात. हाडांत त्यांच्याच भाऊबंद पेशी जुनं हाड कुरतडतात. फुप्फुसातल्या जंतू आणि धूळ गिळतात. गिळायचं आणि पचवायचं."

"मग गिळू देत की. त्या त्यांचं काम करतात, मी माझं करतो."

"दगड पचतो का?"

त्याने कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे खोचली.

"पेशी कण गिळते. कण पचत नाही, उलट तिलाच आतून फोडतो. ती मरते, कण धडधाकट बाहेर. दुसरी येते, तोच कण गिळते, तीही मरते. आणि मरताना प्रत्येक पेशी बोंब ठोकते. मग धावून येणाऱ्यांचे दोन स्वभाव. काही भांडखोर, त्या सूज आणतात. काही डागडुजी करणाऱ्या. साधी जखम असली की आधी भांडखोर येतात, काम उरकलं की त्यांतल्याच पुष्कळशा स्वभाव बदलून डागडुजीला लागतात, आणि विषय संपतो. तुझ्या छातीत विषय संपतच नाही, कारण तू रोज नवा दगड आत पाठवतोस. भांडणही चालू, डागडुजीही चालू. फोटोतले पांढरे ठिपके म्हणजे त्या डागडुजीचा गिलावा. हवेच्या खोल्या लिंपून बंद होताहेत तुझ्या."

"गिलावा," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या कामातला. मला वाटलं, पोचलं.

"आणि क्षयाचा जंतू आला तर? तो आधीच लबाड, याच पेशींच्या पोटात दडी मारून बसतो. इथे तर राखणदारच अर्धमेले."

"पटलं. सगळं पटलं," तो म्हणाला. "आता जरा सरक, उजेड अडवतेस."

आणि नाकाला रुमाल बांधून त्याने कटर चालू केला. कोरडाच. बघता बघता स्वयंपाकघर पांढरं झालं. मी नाकाला पदर लावून प्लग उपटला.

"अगं, ओरखडा पडला असता ना!"

"पडू दे!"

त्याला बोलायचं होतं, पण खोकल्याने बोलू दिलं नाही. वाकून, भिंतीला हात टेकत, तो पाणी प्यायला बाहेरच्या खोलीत गेला. मी त्याच्या मागे गेले.

त्याची लेक खाली टेम्पोतून सिंक आणायला गेली होती. तिला सगळे छकुली म्हणतात. ही छकुली एकटी अख्खा सिंक खांद्यावर घेऊन तीन मजले चढते. वर्षभर ती बापाच्या हाताखाली काम शिकत होती. ती आली, सिंक ठेवला, दारातूनच ओट्यावरचं अर्धवट काम पाहिलं आणि आत गेली. तिने प्लग लावल्याचं आम्हाला कळलंही नाही. कटरचा आवाज आला तेव्हाच कळलं.

भावाच्या हातातला पेला खाली पडला.

"कोरडं कापू नकोस!" एवढ्या मोठ्याने ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "बंद कर! पाणी सोड आधी!"

आम्ही आत धावलो. छकुलीने कटर थांबवला. नाकाला रुमाल, कानामागे पेन्सिल. हुबेहूब बाप.

"बाबा, रेघ पुसते ना पाण्याने."

"चिकटपट्टी लाव, तिच्यावर मार्करने आख! पुसत नाही ती!"

मी कपाळावर हात मारला. "म्हणजे उपाय तुला ठाऊक होता? आणि मी तासभर इथे घसा कोरडा करतेय?"

"ठाऊक असायला काय झालं. पट्टी लावा, पाणी सोडा, मग चिखलाचा राडा पुसत बसा. दिवसाला एकच ओटा होतो."

"तिच्यासाठी बरा वेळ सापडला!"

"तिची फुप्फुसं कोरी आहेत, ताई. माझ्यात आता काय उरलंय वाचवायला?"

"फोटो नीट पाहिलास का? पांढरे ठिपके तेवढे मोजलेस. बाकी सगळं काळं होतं ना? ते काळं म्हणजे हवा. ती अजून तुझी आहे. पांढरं पुसता येत नाही, पण काळं राखता येतं की नाही, मठ्ठा?"

छकुलीने रुमाल सोडला.

"बाबा, तू कोरडं कापणार असशील तर मीही कोरडंच कापणार. मला दुसरं येत नाही. तूच शिकवलंयस."

"तोंड वर करून बोलू नकोस."

"मग ठरव. आणि बाहेर हो. डॉक्टरांनी सांगितलेला मास्क टेम्पोत पडलाय, पाकीट फोडलंसुद्धा नाहीस. तो मी आणून लावते."

तो बाहेर झाला. दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने आत पाण्याची धार आणि कटर एकदम सुरू झाले, आणि हा दाराला कान लावून ओरडत राहिला. "दाबू नकोस! पात्याला वेळ दे! कोपऱ्यात हळू!"

मग त्याने खिशातून फोन काढला. उद्याच्या कामाचं गिऱ्हाईक होतं.

"उद्या दोन्ही ओटे नाही व्हायचे. एकच होईल. पाणी लावून कापणार... नाही, कोरडं नाही. मी कापतच नाही, मुलगी कापेल... तुमची मर्जी."

फोन ठेवून तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच काहीतरी फोडलं होतं.

"गेलं गिऱ्हाईक. झालं समाधान?"

"झालं," मी म्हटलं. दाराखालून राखाडी राडा बाहेरच्या फरशीवर येत होता. मी ओलं फडकं त्याच्या हातात दिलं. "ओला आहे तोवर पूस. वाळला की पुन्हा धूळच."

"माझं घर आहे का हे?" असं पुटपुटत तो गुडघ्यावर बसला आणि पुसायला लागला.