पाळीवर इंजिन नाही

आमच्या ह्यांचं नाव बिसराम, पण गावात त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही. पाणकर म्हणतात. तलावाचं पाणी आज कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात सोडायचं, उद्या कोणाच्या, किती वेळ, हे बघणारा माणूस म्हणजे पाणकर. त्यासाठी सुगीला घरोघरून थोडं धान येतं, ते काही फार नाही. मान मात्र मोठा. गावाच्या पाण्याची एवढी काळजी, आणि घरची टाकी भरून अंगणभर वाहिली तरी ह्यांना दिसायची नाही. ती बंद करायला मीच.

मी सांगते ती गोष्ट दोन हजार अकराची. पोळा झाला होता, धान पोटरीत होतं आणि पाऊस रुसून बसला होता. अशा वेळी आमच्याकडे सगळ्यांचे डोळे तलावाकडे लागतात. आम्ही कोहळी, तलाव बांधणारी माणसं. पहाडी जिथं उतरते तिथं आमच्या जुन्या लोकांनी मातीची पाळ घातली आणि पाणी अडवलं. गावातून वर जायला मुरमाचा लांब चढाव आहे, तोही त्याच मातीचा. वर गेलं की पाळ, आणि पाळीच्या पार त्या टोकाला तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दगडी तोंड. पाणकरानं रोज सकाळी तिथवर जायचंच. आपल्या जागी दुसऱ्याला पाठवलं तर चालत नाही.

ह्यांचे गुडघे एका दिवसात गेले नाहीत. आधी चढावाच्या अर्ध्यात सायकलवरून उतरायला लागले. मग पायथ्याशीच उतरून सायकल ढकलत न्यायला लागले. मग पोळ्याच्या सुमाराला एक दिवस अर्ध्यातून परत आले, दुसऱ्या दिवशीही आले, आणि खाटेवर बसून भिंतीकडे बघत राहिले. अर्जुनीच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, गादी झिजली आहे, चढाव चढू नका, उकिडवे बसू नका, पण पाय हलते ठेवा, नुसते बसून राहाल तर आणखी आखडतील. आता चढायचं नाही आणि बसायचंही नाही, तर माणसानं करायचं काय, हे काही त्यानं सांगितलं नाही.

आमच्या भोजराजकडे मोटरसायकल होती. बापाला रोज सोडायला तो तयार होता. पण आमच्या गावाचा नियम आहे, पाळीवर इंजिन नाही. फार वर्षांपूर्वी ऐन पावसात कोणीतरी ट्रॅक्टर पाळीवर नेला, ओली माती खचली, आणि रातोरात खालच्या बांध्या वाहून गेल्या. तेव्हापासून चढावाच्या पायथ्याशी आडवा दगड रोवलेला आहे, बाजूनं बैल जाईल एवढीच वाट. बैल चालतो, सायकल चालते, इंजिन चालत नाही. तो दगड केशोरावांच्या बापानं रोवला, आणि त्याची राखण केशोराव करतात.

केशोराव म्हणजे गावच्या पाणी-बैठकीचे म्होरके. ह्यांच्याहून मोठे, नात्यानं माझे भासरे, म्हणजे मोठे दीर. भासऱ्यासमोर आमच्याकडे सून बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे किती जड गेलं असेल, ते तुम्हीच समजा. आयुष्य गेलं पण त्या माणसाशी मी एक शब्द बोलले नव्हते. बोलायचंच झालं तर भिंतीशी बोलायचं, कोंबडीशी बोलायचं. ज्यानं ऐकायचं तो ऐकतो.

पाणी दोन दिवस सुटलं नाही तेव्हा शेवटाच्या बांधीवाले ओरडायला लागले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. केशोरावांनी निरोप धाडला, रविवारी बैठक, नवा पाणकर नेमायचा. त्या रात्री हे जेवले नाहीत.

"पाणकरकी गेली तर मी घरी बसून काय करू?" म्हणाले.

"भाजी निवडा," मी म्हटलं. पण मनातून मी घाबरले होते. माझा बाप काम सुटल्यावर वर्षभरही टिकला नाही. दुखणं काही नव्हतं, नुसता ओसरीत बसून संपला. ह्यांचं तसं व्हायला नको होतं मला.

आमची रेणू गोंदियाजवळ फुलचूरला दिलेली. तिला फोनवर सांगितलं, तर गुरुवारी जावई हिमांशु एका छोट्या टेम्पोत सायकल घालून घेऊन आला. दिसायला सायकलच, पण सीटखाली बॅटरीचा डबा आणि मागच्या चाकात मोटर. त्याच्या वडिलांची होती, त्यांचेही गुडघे असेच. ते आता मोठ्या मुलाकडे रायपूरला राहायला गेले होते.

"बाबूजी, पायडल तो मारना है," हिमांशुनं समजावलं. "लेकिन जोर नहीं लगाना. जोर ये लगाएगी."

लोडशेडिंगचा काळ होता. लाईट आली की आधी सायकल लावायची, मग मिक्सर, असं मी ठरवून टाकलं.

शुक्रवारी पहाटे हे निघाले. आणि आले ते तोंड पाडून, लंगडत.

"लोखंड आहे नुसतं. जुनीपेक्षा दुप्पट जड," म्हणाले. "चढावावर ढकलता ढकलता जीव गेला माझा."

"ढकलता ढकलता?"

"हो मग."

"काऊन जी, खाली उतरलेच कायले तुमी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुडघे दुखायला लागल्यापासून दगडापाशी आलं की उतरायचं, ही पायांना सवय. बॅटरीच्या सायकलवरूनही हे दगडापाशी उतरले होते, आणि ते सगळं वजन हातानं ढकलत वर नेलं होतं. मोटर बंद, बॅटरी भरलेली, आणि म्हातारा घामानं ओला. मी हसायला नको होतं, पण हसले. हेही मग हसले, पोळ्यानंतर पहिल्यांदा.

मी म्हटलं, चला, मी येते. दगडापाशी आल्यावर ह्यांचा पाय आपोआप खाली यायला लागला, तशी मी मागून ओरडले, "बसून राहा. बसून राहा म्हणते ना." हे बसून राहिले. पायडल मारत राहिले, हळूहळू, सपाटीवर मारावं तसं, आणि सायकल चढावाला लागली. ना आवाज, ना धूर. जणू कोणी मागून पाठीला हात लावून नेत होतं. मी खाली उभी राहून बघत होते. वळणावर त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि तो चेहरा मी लग्नातही पाहिला नव्हता. त्या दिवशी पाणी शेवटाच्या बांधीपर्यंत पोचलं.

पण गावात गोष्ट लपत नाही. शनिवारी सकाळी केशोराव काठी टेकत आमच्या अंगणात आले. मी पदर घेतला आणि तांदूळ निवडायला खांबाआड बसले.

"बिसराम," ते म्हणाले, "मोटर आहे म्हणतात हिच्यात."

"आहे जी. लहानशी आहे."

"लहान काय न् मोठी काय. मोटर म्हणजे इंजिन. आज तू हे नेशील, उद्या पोट्टे फटफट्या नेतील, परवा ट्रॅक्टर जाईल. नियम माह्या बापानं केला. मी मोडू देणार नाई."

"दादा, हिचं वजन…"

"वजनाचं नको सांगू मले. उद्या बैठकीत दुसरा पाणकर पाहू. तुहे पाय गेले, त्यात तुहा दोष नाई. पण पाणी थांबत नाई."

ह्यांनी मान खाली घातली. भांडायचा स्वभावच नाही. जे गावाला समजावतात त्यांना स्वतःसाठी एक वाक्य बोलता येत नाही. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. समोर कोंबडी कणी टिपत होती. मी तिला म्हटलं, मोठ्यानं, "बाप्पा, काय जमाना आला. ज्या माणसानं तीन पावसाळे तलावाचं तोंड पाहिलं नाई, तो पाळीची काळजी सांगून राहिला."

हे माझ्याकडे असे बघत होते की बाई, मेलो आता.

खरं तर ते बोलायची गोष्ट नव्हती. केशोराव तलावावर जात नाहीत हे सगळ्या गावाला दिसत होतं. "वर माझं काय काम," असं ते म्हणायचे, आणि मोठ्या माणसाला कोण विचारणार. पण अंगणातून चालताना त्यांचा उजवा पाय कसा ओढला जात होता, ते मी खांबाआडून पाहिलं होतं. घरात रोज तेच बघत होते मी. मला ते पाऊल ओळखू येणार नाही?

केशोरावांनी काठीनं सायकलीकडे दाखवलं. मग म्हणाले, "बिसराम, इकडे आण ते. नियम सांगणाऱ्यानं आधी पाहिलं पाहिजे. कसं चालते?"

ह्यांनी दाखवलं. तरुणपणी केशोराव सायकलनं अर्जुनीच्या बाजाराला जायचे, सवय अंगात होती. आमच्या गल्लीत दोन चकरा मारल्या, काठी आमच्या दारात टेकवली, आणि चढावाकडे निघाले. हे मागून सांगत राहिले, "दगडापाशी उतराचं नाई दादा, बसून राहाचं."

आम्ही वाट बघत बसलो. ऊन अंगणातून ओसरीत आलं. चहा झाला, दुसरा झाला. केशोराव काही आले नाहीत.

"पडले तर नसतील?" हे म्हणाले आणि उठायला लागले. उठताना खांबाला धरलं.

"तुमी बसा," मी म्हटलं. "सायकल तिकडे आहे. तुमी काय रांगत जाता? मी पाहून येते."

चढाव मी चढले. माझ्याही गुडघ्यांचं काही बरं नव्हतं, पण घरात दुखणाऱ्याचा मान एकालाच मिळतो, आणि तो पाणकराला मिळाला होता. दोनदा थांबले. खाली दगडापाशीच माती भुसभुशीत होती. तिथं चाकाचा माग गेला होता, अगदी आपल्या साध्या सायकलचा असतो तेवढाच. शेजारी बैलांचे खूर उमटले होते, ते त्याच्याहून खोल.

केशोराव पाळीवर बसले होते. सायकल नीट उभी केलेली. तलाव अजून भरलेला, कडेला शिंगाड्याचे वेल, आणि पलीकडे प्रतापगडची टेकडी स्वच्छ दिसत होती. त्यांचा फेटा मांडीवर होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसतही नव्हते.

मी पदर घेतला आणि उभी राहिले. इथं ना भिंत होती, ना कोंबडी. मला त्या माणसाची फार दया आली, आणि सकाळी जे बोलले त्याचा काटाही टोचला. मनाशी म्हटलं, फुलवंता, बस झाला तुझा पदर.

"दादा," मी म्हटलं, "घरी चाला. सारे वाट पाहून राहिले."

त्यांनी मान वळवली. मी बोलले याचं त्यांना नवल वाटलं की नाही, ठाऊक नाही. म्हणाले, "मले वाटलं होतं, आता मेल्यावरच येईन इथं. चौघांच्या खांद्यावर." मग तलावाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या जांभळीखाली माह्या बापानं मले पोहाले शिकवलं. पाणी तसंच आहे, पाह्य."

मी त्यांच्यापासून थोडी दूर, पाळीवर बसले. बसताना गुडघा कटकन वाजला आणि माझ्या तोंडून हाय निघालं.

"बिसरामले सांग," ते म्हणाले, "उद्या बैठक होईल, पण पाणकर नेमाले नाई. बॅटरीची सायकल ही सायकलच, तेवढं मी सांगीन. दगड जिथल्या तिथं राहील. आणि सोमवारी सकाळी त्याचं काम झालं का सायकल माह्या घरी धाडजो."

"धाडते जी," मी म्हटलं.

तुडुमाकडून पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग केशोरावांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, तू पायीच चढून आलीस न. तुहे गुडघे दुखत नाईत का?"

अख्ख्या गावाला उत्तर देणारी बाई मी. डॉक्टरनं विचारलं नव्हतं, भोजराजनं, रेणूनं विचारलं नव्हतं, ज्यांच्यासाठी मी तेल गरम करत होते त्यांनीही विचारलं नव्हतं. आणि विचारलं कोणी, तर ज्याच्याशी आयुष्यात बोलले नव्हते त्या माणसानं. "दुखते जी," एवढंच म्हटलं. "दोन्ही."

ते उठले, फेटा बांधला, सायकलचं हँडल माझ्याकडे केलं आणि म्हणाले, "मग तू बस. मी धरतो."