बुडबुडे थांबलेली बरणी

मी एक बरणी. काचेची, पोटानं अवाढव्य आणि तोंडानं एवढीशी. माझ्या बोलण्यावर कितपत विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा. काचेआडून दिसलं तेवढंच सांगते.

भट्टीतून निघाले ती औषधाच्या कारखान्यात गेले. तिथून भंगारात. तिथं मला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं उचललं. घरी बिअर करायचा त्याला नाद. बायकोनं मला दारातच नखशिखांत न्याहाळलं. "या वयात सवत आणलीत?"

"आणली. पण ही उलट बोलत नाही," तो म्हणाला.

माझ्या पोटात तो मॉल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचं, गोड पाणी भरी, यीस्ट सोडी आणि तोंडाला बूच लावून त्यात पाणी भरलेली वाकडी नळी खोची. यीस्ट साखर खाऊ लागलं की नळीतून बुडबुडा निघे. टुप्. घड्याळाची टिकटिक ऐकावी तसा तो कान देऊन बसे.

यंदा थंडीत मला भरलं आणि त्यानं अंथरूण धरलं. घरातला एकुलता हीटर माझ्या खोलीतून त्याच्या उशाशी गेला. मी गारठले. बुडबुडे थांबले.

"वाजतंय का गं?" तो पलीकडून विचारी.

"वाजतंय हो," ती बेधडक सांगे.

पण नवरा खमक्या. त्यानं बिअरमध्ये तरंगणारी मापाची नळी मागवली. साखर जास्त तितकी ती वर तरंगते; तिनं काढून नेलेल्या पेलाभर बिअरमध्ये ती जेमतेम बुडाली. "साखर तशीच आहे. यीस्ट मेलं नाही, गारठलंय. हीटर तिकडे ने."

"नवऱ्याला कुडकुडत ठेवून दारूला शेकू? डोकं ठिकाणावर आहे का?"

"अगं, मला आता ऊब धरत नाही. तिला धरेल."

ती माझ्यासमोर येऊन बसली. पदर तोंडात कोंबून रडली. मग मला पोत्यावर ठेवून ओढत त्याच्या खाटेपाशी घेऊन गेली. हीटर दोघांच्या मधे.

"आता हळूच हलव. बूच काढू नकोस, आत हवा शिरेल," तो सांगत होता. तळाशी बसलेलं यीस्ट वर उठलं. त्याचा हात माझ्या मानेवर होता. किती हलका!

आणि एका दुपारी... टुप्.

तो पोरासारखा हसला. "झाली की पहिला घोट तू घ्यायचास. जन्मभर नाक मुरडलंस."

"तुमच्या आधी? मुळीच नाही. उठा, मग बघू."

तो उठला नाही. मी मात्र वाजत राहिले. माणसं त्याला घेऊन गेली, तेव्हाही वाजत होते. थांबता येत असतं तर थांबले नसते का?

आता सगळं शांत आहे. बिअर निवळलीय. परवा तिचा दीर म्हणाला, "वहिनी, बाटल्यांत भरू? नाहीतर ओतून तरी टाकू."

"हात लावू नका, भावोजी. अजून व्हायचीय."

मापाची नळी धुऊन तिनं फडताळात ठेवलीय. ती पुन्हा बुडवून बघत नाही. रोज तेवढी वाकडी नळी पाण्यानं भरते, खुर्ची ओढते आणि मला कान लावून बसते.

बाई, साखर संपली. आता कितीही थांबलात तरी मला वाजता येणार नाही. झालीय हो. पेला आणा.