आत्याचा वस्तरा आणि दोन रिपोर्ट

आत्याची थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली आणि आत्याचं काम बंद पडलं. सलूनात कात्री कशीबशी चालायची, दाढी मात्र नाही. हात इतका थरथरायचा की शेजारचा शिंपी अर्ध्या दाढीवर खुर्चीतून उठला आणि आठवडाभर तशीच मिरवत राहिला. नवीन फॅशन आहे, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं म्हणे.

हाताखाली काम शिकणाऱ्या भाचीला हे बघवेना. आत्याच्या वस्तऱ्याखाली लोक चक्क घोरायचे. गळ्यावर उघडं पातं असताना माणसाला झोप लागावी, यापेक्षा मोठी पदवी तिच्या मते कुठलंच विद्यापीठ देत नव्हतं.

डॉक्टरांनी ग्रंथीला आवर घालणाऱ्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "रिपोर्ट सुधारेपर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही." म्हणजे माणसांच्या दाढीसाठी, असा आत्यानं अर्थ काढला. महिन्या-दोन महिन्यांत धडधड थांबली, उतरलेलं वजन परतलं. मग ती फुग्यांना फेस लावून त्यांची दाढी करू लागली. एकही फुटला नाही. एकाला तर तिनं कल्ले ठेवले.

आणि रिपोर्ट आला. थायरॉइडचं हार्मोन टी-फोर वाढलेलं, टीएसएच तळाला; कागदावर आजार होता तिथेच.

"गोळी दुप्पट करावी लागणार बहुतेक," भाची पडेल चेहऱ्यानं म्हणाली.

"कोण करणार, तू? डोस डॉक्टरांनी ठरवायचा. पण हात माझा आहे, आणि तो बरा आहे. चल."

दवाखान्यात आत्यानं डॉक्टरांच्या टेबलावरच एका फुग्याची दाढी केली. बाहेरच्या एका पेशंटनं डोकावून विचारलं, यासाठी नंबर कुठे लावायचा.

डॉक्टरांनी नाडी मोजली. पसरलेल्या बोटांवर कागद ठेवून पाहिला. कागद हलेना. "हा रिपोर्ट आणि या बाई एकमेकांना ओळखत नाहीत," ते म्हणाले. "दुसरं काही औषध घेता?"

"छे."

"आत्या, त्या केसांच्या गोळ्या?"

"ते कसलं औषध? तो आपल्या दुकानातला माल. माझेच केस गळायला लागल्यावर गिऱ्हाईक यायचं कशाला?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. काही लॅबच्या तपासण्यांना ते चकवतं. टी-फोर उगाच जास्त दिसतं, टीएसएच उगाच कमी. हे बघून डोस वाढवला असता, तर तुमची ग्रंथी पार थंडावली असती. आठवडाभर त्या बंद ठेवा आणि पुन्हा रक्त द्या."

नव्या रिपोर्टात टी-फोर आणि त्याचं भावंड टी-थ्री दोन्ही ताळ्यावर होते. टीएसएच मात्र अजून कमीच. भाचीनं डॉक्टरांसमोर त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ते रुसून बसलंय," डॉक्टर म्हणाले. "मेंदूकडून थायरॉइडला जाणारा हुकूम म्हणजे टीएसएच. बरेच महिने दबलं गेलं, की बाकी सगळं सुधारलं तरी त्याची समजूत निघायला वेळ लागतो. सध्या नुसतं त्याच्याकडे बघून डोस ठरवायचा नसतो. आहे तोच चालू ठेवा."

"आणि वस्तरा?" आत्यानं विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज कापरा झाला.

डॉक्टरांनी हनुवटीवरून हात फिरवला. "सकाळी किती वाजता उघडता?"

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले आणि टीएसएचबद्दल आणखी काहीतरी समजावू लागले. आत्यानं त्यांच्या गळ्याला पातं टेकवलं.

"आता बोलायचं नाही," ती म्हणाली.

थोड्याच वेळात डॉक्टर घोरू लागले.